वेळेआधी आलेलं बाळ बसायला शिकतं तेव्हा

तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं एक बाळ आज आठ महिन्यांचं झालं आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "अजून बसत नाही का गं?" त्याच महिन्यात जन्मलेलं शेजारचं बाळ केव्हाच बसायला लागलं, आता रांगतंय. आईच्या मनात पाल चुकचुकते. मग बाळाला कोपऱ्यात, चारी बाजूंनी उशा लावून बसवायला सुरुवात होते. सवय झाली की बसेल, असा त्यामागचा हिशेब. हेतू चांगलाच असतो, पण हिशेब दोन ठिकाणी चुकतो : बाळाचं वय मोजण्यात आणि बसणं कुठून सुरू होतं हे ओळखण्यात. हे प्रकरण त्या दोन गोष्टींबद्दल आहे.

वयाची वजाबाकी

पूर्ण दिवसांचं गर्भारपण ४० आठवड्यांचं धरतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्माला येतं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यांतली तीस लाखांच्या आसपास एकट्या भारतात. जगात सर्वांत जास्त. तेव्हा हा प्रश्न मोजक्या घरांचा नाही.

अशा बाळाची दोन वयं असतात. एक जन्मतारखेपासूनचं. दुसरं, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासूनचं, म्हणजे सुधारित वय. फॉलो-अपच्या ओपीडीत याला सर्रास करेक्टेड एज म्हणतात. वरच्या बाळाचंच घ्या. ते दहा आठवडे लवकर आलं. आठ महिने म्हणजे साधारण ३५ आठवडे. त्यातून दहा वजा केले की उरले २५, म्हणजे पुरते सहा महिनेसुद्धा नाहीत. शेजारचं बाळ खरोखर त्याच्याहून दहा आठवड्यांनी मोठं आहे.

मग कधी बसायला हवं? जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ सरळ, मान ताठ, हात कुठेही न टेकता किमान दहा सेकंद बसता आलं तरच 'बसलं' म्हणायचं, अशी त्यांची कसोटी होती. त्या कसोटीवर सरासरी वय निघालं सहा महिने. पण काही मुलं चौथ्या महिन्यात बसली, तर काहींनी नऊ महिने ओलांडले, आणि ही सगळीच निरोगी होती. ती मुलं पूर्ण दिवसांची होती. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी हीच मुदत सुधारित वयाने वाचायची. वयाची दोन वर्षं होईपर्यंत वाढीचे सगळे टप्पे असेच मोजतात. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच चालतं, तिथे ही वजाबाकी लावू नये.

वजाबाकी केल्यावर बऱ्याच घरांतली काळजी हलकी होते. मात्र या बाळांचं सगळं इतरांसारखंच, फक्त उशिरा होतं, असंही नाही. त्यांच्या अंगाची घडण थोडी वेगळ्या वाटेने झालेली असते. बसायला मदत करायची, तर ती वाट कळायला हवी.

पोटातले हुकलेले आठवडे

गर्भारपणाच्या शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत पोटातली जागा अपुरी पडू लागते. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, हात तोंडाजवळ, अशी घडी घालून बाळ राहतं. हात-पाय ताणले की गर्भाशयाची भिंत त्यांना परत आत ढकलते. या काळात अंग दुमडणाऱ्या स्नायूंना बळ येत जातं, आधी पायांना आणि मग वर सरकत हातांना. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा पाय ओढून सरळ केला तरी सोडल्याबरोबर तो परत दुमडतो, तो याच तयारीमुळे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात, जेमतेम किलोभर वजन घेऊन आलेल्या बाळाची ही तयारी राहून जाते. काचेच्या पेटीत ते सपाट पडून असतं. भोवती भिंत नाही, अंगात दुमडायचं बळ नाही आणि वरून गुरुत्वाकर्षणाचा दाब. त्यामुळे गुडघे बाहेरच्या बाजूला पसरतात, खांदे मागे जातात आणि हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना पडून राहतात. मान एका कुशीला वळलेली असते. असे आठवडेच्या आठवडे गेले की मागच्या बाजूचे स्नायू वरचढ होतात आणि पोटाकडचे मागे पडतात.

पुढे हेच बाळ कडेवर घेतलं की मागे कमान टाकतं. काखेत धरून उभं केलं की पाय ताठ करून, टाचा उचलून उभं राहतं. घरचे कौतुकाने म्हणतात, "याला बसायचंच नाहीये, थेट उभं राहायची घाई झालीय!" ती घाई नसते. शरीर सरळ ताणणाऱ्या स्नायूंची ती ओढ असते, आणि बसण्यासाठी नेमकं उलट लागतं : कंबरेत दुमडणं, खांदे पुढे येणं आणि दोन्ही हात छातीसमोर एकत्र येणं. बाळाला वारंवार उभं करण्याने ही ओढ आणखी पक्की होते. म्हणून पहिला नियम हा, की उभं करण्याचा खेळ काही महिने बाजूला ठेवावा.

बसण्याची मदत त्यामुळे अतिदक्षता विभागातच सुरू होते. जाणत्या परिचारिका बाळाभोवती गुंडाळलेल्या दुपट्यांचं घरटं करतात, म्हणजे पायांना टेकायला भिंत मिळते आणि हात तोंडाकडे येतात. त्याहून मोठा आसरा आईच्या छातीचा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात, १९७८च्या सुमारास, पेट्या अपुऱ्या पडत होत्या आणि बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. तेव्हा डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. आज या पद्धतीला आपण कांगारू मदर केअर म्हणतो. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर अशी काळजी सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास कांगारू काळजी द्यावी, अशी शिफारस केली.

ही पद्धत जीव वाचवण्यासाठी आली. पण बाळाची ठेवण बघा : पाय बेडकासारखे पण आत दुमडलेले, हात छातीशी, डोकं मध्ये, अंग उभं. पोटात हुकलेली घडी त्याला इथे परत मिळते. घरी आल्यावरही ती थांबवू नये. बाबांची छाती, आजीची छाती, सगळ्यांची चालते.

ताबा वरून खाली येतो

बसणं ही एक हालचाल वाटते, पण तो मजल्यामजल्याने येणारा ताबा आहे. आधी मान, मग खांद्यांची पातळी, मग छाती, बरगड्यांखालचा भाग आणि शेवटी कंबर. ज्या बाळाने मान धरली आहे पण छातीचा ताबा आलेला नाही, त्याला कंबरेला धरून बसवलं तर ते कोसळतं. उलट, ज्याचा छातीपर्यंत ताबा आला आहे त्याला आपण काखेत घट्ट धरलं, तर त्याला करायला काही उरतच नाही.

फॉलो-अपच्या खोलीत फिजिओथेरपिस्टचे हात बघण्यासारखे असतात. आई चटईवर बसलेली, बाळ तिच्या मांडीवर, तोंड बाहेर. थेरपिस्टचे तळवे बाळाच्या काखेखाली. मान स्थिर आहे ना, हे बघून तळवे बोटभर खाली, बरगड्यांवर सरकतात. बाळ पुढे झुकतं, मान लटपटते, परत वर येते. हात आणखी खाली जातात. आता पाठ गोल होते, बाळ एका बाजूला ढळू लागतं आणि सावरायच्या खुणा दिसत नाहीत. हात पुन्हा बोटभर वर. हीच या बाळाची आजची जागा. धरायचं ते ताबा संपतो तिथे, त्याच्या जरा खाली. आणि धरल्यावर घाई न करता थांबायचं. बाळाला पडू द्यायचं नाही, पण ढळू द्यायचं. ढळणं आणि सावरणं यांतूनच मेंदू तोल शिकतो, चारी बाजूंच्या उशा नेमकी तीच संधी काढून घेतात.

हे एकदा हातात बसलं की आई मांडीचाच झोपाळा करू शकते. एक मांडी अगदी थोडी उचलायची. बाळाचं डोकं आपोआप मध्याकडे येतं, एका कुशीचे स्नायू ताणतात, दुसऱ्या कुशीचे आवळतात. मग दुसरी मांडी. दोन-तीन मिनिटं पुरे.

दिवसभरात काय करायचं

पहिल्या तीन महिन्यांत (इथून पुढची सगळी वयं सुधारित) बसवण्याचा विचारही नको. बाळ जागं असताना, कोणीतरी समोर असताना त्याला पालथं ठेवावं. सुरुवात आपल्या छातीवरच करावी. मग जमिनीवर गोधडी घालून, छातीखाली टॉवेलची बारीक गुंडाळी देऊन. एक-दोन मिनिटं, पण दिवसातून अनेकदा. आपला चेहरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. वरून हाक मारली तर ते मागे मान टाकेल, आणि तीच सवय मोडायची आहे. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच. दूध पाजल्यावर लगेच पालथं ठेवू नये. ज्या बाळाची फुप्फुसं नाजूक आहेत किंवा ज्याला घरी प्राणवायू चालू आहे, त्याच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

बाळाला कुशीवर ठेवणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित व्यायाम. कुशीवर असलं की वरचा हात वजनानेच समोर पडतो, दोन्ही हात एकमेकांना भेटतात, बाळ ते तोंडात घालतं. बसल्यावर खुळखुळा धरणारे हात इथे तयार होतात.

तीन ते सहा महिन्यांत उठण्याची वाट शिकवायची. पाठीवरच्या बाळाला दोन्ही हात धरून ओढून बसवणं आपल्याकडे फार चालतं. त्यात खांद्यांवर ताण येतो आणि मागे राहिलेली मान लोंबते. त्याऐवजी बाळाला कुशीवर वळवा. वरच्या बाजूच्या कंबरेवर तळवा ठेवून हलका दाब खाली, पायांच्या दिशेने द्या. बाळ खालच्या कोपरावर रेटतं, मग तळव्यावर, आणि बाजूने उठून बसतं. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळं काम तुमचंच असेल. पण दर वेळी लंगोट बदलल्यावर असंच उठवलं, तर वेगळा वेळ न काढता दिवसात आठ-दहा वेळा सराव होतो. काही आठवड्यांत तुमच्या हाताला जाणवेल की रेटा आता तिकडून येतोय.

सहाव्या महिन्याच्या आसपास हात टेकून बसणं येतं. जमिनीवर हात टेकले की पाठ फार वाकते. म्हणून आधी समोर पाट किंवा उपडा डबा ठेवून त्यावर हात टेकवावेत, पाठ सरळ राहते. जमलं की उंची कमी करत जमिनीवर यावं. खाली गोधडी किंवा सतरंजी असावी. मऊ गादीवर बैठकच डगमगते आणि तोल शिकणं अवघड होतं. खेळणं आधी समोर, मग हळूहळू बाजूला, हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर. त्याकडे झुकताना एक हात जमिनीवर टेकतो. पडताना हात पुढे टेकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया आधी येते, सुमारे सहाव्या महिन्यात. बाजूला टेकण्याची आठव्याच्या आसपास आणि मागे टेकण्याची दहाव्याच्या सुमारास. त्यामुळे बाळ छान बसू लागलं तरी काही महिने त्याच्या पाठीमागे माणूस हवं.

अपुऱ्या दिवसांची बाळं लवकर दमतात, आणि दमल्याचं रडण्याआधीच सांगतात. नजर फिरवणं, जांभया, उचकी, बोटं फाकवणं, ओठांभोवती रंग बदलणं, या खुणा दिसल्या की थांबावं. एका वेळी एकच गोष्ट द्यावी : चेहरा, किंवा गाणं, किंवा खेळणं.

सरावाबद्दलचा जुना वाद

मुलाला बसायला शिकवावं की त्याचं त्याला येऊ द्यावं, यावर मतभेद आहेत. बुडापेस्टच्या बालतज्ज्ञ एमी पिक्लर यांचं म्हणणं होतं की जी स्थिती बाळाला स्वतः घेता येत नाही, तिच्यात त्याला ठेवूच नये. उलट केनियातल्या किपसिगिस समाजात आया बाळांना मुद्दाम बसायला शिकवतात. तिथली बाळं अमेरिकेतल्या बाळांपेक्षा लवकर बसतात, असं मानसशास्त्रज्ञ चार्ल्स सुपर यांनी १९७६मध्ये दाखवून दिलं. पुढे सहा देशांतल्या पाच महिन्यांच्या बाळांची तुलना झाली, तेव्हा केनिया आणि कॅमेरूनमधली बाळं इतरांपेक्षा जास्त वेळ आधाराशिवाय बसलेली आढळली. याचा अर्थ सराव उपयोगी पडतो. फक्त त्या सरावात काम बाळाचं असावं लागतं. आपली मांडी घालून बसायची आणि मुलाला मांडीत घ्यायची रीत यात चपखल बसते : आधार आहे, पण तो जिवंत आहे, हलतो, कमी-जास्त होतो. प्लास्टिकच्या खोलगट बैठकीत घट्ट रोवलेल्या बाळाला हे मिळत नाही. वॉकर तर नकोच. बाळ त्यात पायाच्या बोटांवर ढकलत राहतं आणि ताठ पाय आणखी ताठ होतात, शिवाय अपघात होतात ते वेगळेच. कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली.

केव्हा थांबू नये

चोविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यांत मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा किंवा प्राणवायू कमी पडला, संसर्ग झाला, तर तिथे इजा होऊ शकते. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांना अगदी लागून जातात, म्हणून अशा इजेचा परिणाम पायांवर जास्त दिसतो. मांडीमागचे स्नायू ताठ होतात. असं बाळ पाय लांब करून बसवलं की ते स्नायू कंबर मागे खेचतात, बाळ माकडहाडावर बसतं आणि मागे कोसळतं. बघणाऱ्याला वाटतं पाठ कमजोर आहे, दोष असतो पायांच्या ताठपणात. त्याला आपल्या मांडीवर घोड्यासारखं, दोन्ही बाजूंना पाय सोडून, गुडघे वाकवून बसवलं तर तेच बाळ सरळ बसतं.

तेव्हा पुढच्या गोष्टी दिसल्या तर 'होईल हळूहळू' म्हणत बसू नये : चार महिने झाले तरी मान धरली नाही, मुठी सतत घट्ट, अंगठा आत, एकच हात वापरतं, पाय ताठ किंवा कात्रीसारखे एकमेकांवर जातात, घेतलं की जोरात मागे कमान टाकतं, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नाही, येत असलेली गोष्ट येईनाशी झाली. डोळे आणि कान तपासून झालेत ना, हेही बघावं. ज्याला नीट दिसत नाही, त्याला मान वर करायला कारणच मिळत नाही.

अंगातला ताठपणा दिसला म्हणजे कायमचं व्यंग, असं मात्र नाही. संशोधक सेसिल ड्रिलियन यांनी १९७२मध्येच नोंदवलं होतं की कमी वजनाच्या अनेक बाळांमध्ये पहिल्या वर्षात दिसणारा ताठपणा पुढे निघून जातो. कोणाचा जाईल आणि कोणाचा राहील, हे घरी बसून ठरवता येत नाही, त्यासाठी तपासणी लागते. हाइन्ट्स प्रेख्टल यांनी घालून दिलेल्या पद्धतीने तीन ते पाच महिन्यांच्या बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचा काही मिनिटांचा व्हिडिओ पाहून प्रशिक्षित डॉक्टर पुष्कळ काही सांगू शकतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांचे होईपर्यंत पाठपुरावा केला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्याच आधारावर आज देशभर आशा ताई बाळाच्या घरी येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरलाच झाली. त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) ही केंद्रं निघाली. वाढीत मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत होते. गावात असाल तर आशा ताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा, त्या तिथवर पोचवतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे शेवटी लक्षात ठेवायला हवं. बसलेल्या बाळाचे हात मोकळे होतात. ते वस्तू फिरवून, आपटून, चाखून बघतं. खोलीत कोण आलं, कोण बोललं हे त्याला दिसतं. अमेरिकेत नुकतंच बसू लागलेल्या, हालचालीत मागे असलेल्या बाळांवर एक प्रयोग झाला. त्यात बसणं आणि हात पुढे करणं यांना खेळून विचार करण्याची जोड दिली, तेव्हा जास्त मागे पडलेल्या मुलांची प्रश्न सोडवण्याची क्षमता सुधारलेली दिसली. काही मुलं सगळं करूनही लवकर बसणार नाहीत, काही कदाचित कधीच आधाराशिवाय बसणार नाहीत. त्यांना थेरपिस्टच्या मापाने कोपऱ्याची खुर्ची करून द्यावी. साधा सुतारही ती बनवू शकतो. तिच्यात कंबर आणि पाय नीट टेकतात, समोर फळी असते, हात मोकळे राहतात. अशी खुर्ची घरात आणणं म्हणजे हार मानणं, असं समजून अनेक पालक ती वर्षभर लांबवतात. तेवढा काळ मूल पाठीवर पडून छत बघत राहतं. ते वर्ष त्याच्या शिकण्याचं आहे. बसणं स्वतःच्या बळावर आलं तर उत्तम, खुर्चीच्या आधाराने आलं तरी खेळायला आणि शिकायला त्याला वेळेवर बसता यायला हवं.